चिंधीचा उंदीर आणि मराठीचे पहिले वाक्य

(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



हीरक महोत्सवानिमित्त सभागृहात मांडलेल्या प्रदर्शनाच्या तीन भिंती छायाचित्रांनी आणि ढालींनी भरल्या आहेत. चौथ्या भिंतीलगत, दाराजवळ, एक लांबट टेबल आहे. त्यावर जुन्या मोज्याचा उंदीर, लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून कापलेला वाघ, कागदाच्या लगद्याचा भोपळा, गोणपाटाचे कावळ्याचे घर आणि पुष्कळ खिशांचा एक निळा एप्रन ठेवलेला आहे. बालवाडीच्या ताईंनी आणि आजवरच्या पालकांनी हाताने केलेली ही गोष्टी सांगण्याची साधने होत. उंदराचा एक कान दोनदा शिवलेला दिसतो आणि वाघाचे पट्टे बोटांनी पुसट झालेले आहेत. आजचे चार शब्द या टेबलाविषयी आहेत.

विषय लहान वाटेल. परंतु त्याच्याशी शाळेचे भवितव्य जोडलेले आहे. साठ वर्षांपूर्वी बालवाडीत येणारे मूल मराठी बोलतच येत असे. बडोद्यासारख्या शहरात उंबऱ्याबाहेर गुजराती आणि उंबऱ्याच्या आत मराठी, अशी सरळ वाटणी होती. घरून आलेल्या त्या मराठीला अक्षररूप देणे, एवढेच शाळेचे काम होते. आता उंबरा तसा राहिलेला नाही. कोणाची आई गुजराती आहे, कोणाचे वडील उत्तर भारतीय आहेत. कोणाच्या घरी दोघेही मराठी, पण मुलाशी मुद्दाम हिंदी वा इंग्रजी बोलणारे. आणि आजी-आजोबा दुसऱ्या गावी. तीन वर्षांच्या मुलाला मराठी कळते पण बोलता येत नाही, असे वारंवार आढळते. काहींना ती कळतही नाही. अशा घरांनीही मराठी शाळा निवडली, हा मोठा विश्वास आहे. बालवाडीच्या वर्षांत तो सार्थ ठरला नाही, तर मूल पहिलीला दुसऱ्या शाळेत जाते. आणि ज्या शाळेची बालवाडी ओस पडते, तिचे वरचे वर्ग ओस पडायला फार वेळ लागत नाही.

प्रवेशाच्या दिवशी पालक एक प्रश्न हमखास विचारतात : “बाई, लिहायला कधी लावणार?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही सरळ आहे. लेखनाची तयारी पहिल्या दिवसापासूनच सुरू होते. मात्र ती पाटीवर दिसत नाही.

अंगणात काठीवर बसून दौडणारे मूल सर्वांनी पाहिले आहे. काठी घोड्यासारखी दिसत नाही. तिला पाय नाहीत, आयाळ नाही. तरीही मूल तिला घोडा म्हणते, तिला पाणी पाजते, ती दमली म्हणून तिला भिंतीशी बांधते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की (१८९६–१९३४) यांनी याच काठीच्या घोड्याचा बारकाईने विचार केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : मूल येथे ‘घोडा’ हा अर्थ खऱ्या घोड्यापासून सोडवून घेते आणि दुसऱ्या वस्तूवर ठेवते. एक वस्तू दुसऱ्या वस्तूच्या जागी उभी राहू शकते, हा शोध त्याला खेळात लागतो. लटुपटीचा खेळ, चित्र काढणे आणि लिहिणे या त्यांच्या मते एकाच विकासाच्या पायऱ्या आहेत.

आता ‘क’ हे अक्षर पाहावे. ते कमळासारखे दिसत नाही की कावळ्यासारखे ओरडत नाही. तरीही चार रेषांच्या त्या आकृतीच्या जागी एक ध्वनी उभा आहे, हे मुलाने मान्य करावे अशी शाळेची अपेक्षा असते. ज्याने काठीला घोडा मानले, मोज्याला उंदीर मानले आणि शेंगेला होडी मानले, त्याला हे मान्य करणे जड जात नाही. ज्याला तो सराव मिळाला नाही, ते मूल अक्षर गिरवते. पण त्या अक्षराच्या आड काही आहे, हे त्याला उशिरा उमगते. लिहायला कधी लावणार, याचे उत्तर म्हणून असे देता येते : ज्या दिवशी मुलाच्या हातात चिंधीचा उंदीर दिला, त्या दिवशी.

वस्तू आणि गोष्ट यांची जोडी भारताला नवी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाचे चित्रकथी कागदावरील चित्रे एकामागून एक पुढे धरून कथा गातात. ही परंपरा जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्रीने गौरवण्यात आले. राजस्थानात चितोडगडजवळच्या बस्सी गावी सुतार रंगीत लाकडी ‘कावड’ करतात. हे अनेक दारांचे छोटे देवघरच असते. कावडिया भाट ते यजमानाच्या घरी नेतो आणि एकेक दार उघडत वंशावळ व देवकथा सांगतो. बंगालचा पटुआ गुंडाळलेला पट हळूहळू उलगडतो आणि गातो. या सर्व साधनांत एक गोष्ट समान आहे. त्यांतील एकही वस्तू स्वतः बोलत नाही. बंद कावड म्हणजे लाकडाची पेटी आणि मुका पट म्हणजे रंगीत गुंडाळी. सांगणाऱ्याच्या आवाजाशिवाय ती अपुरी असतात आणि म्हणूनच ती आवाजाला बोलावून घेतात.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसांनी यातील एक परंपरा विशेष ध्यानात ठेवावी. कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडू या भागांत चामड्याच्या बाहुल्यांचे छायाखेळ करणाऱ्या परंपरागत घराण्यांपैकी अनेकांची घरची बोली मराठीच्या कुळातील आहे. पडद्यामागून ही मंडळी कन्नड, तेलुगू किंवा तमिळ बोलली. रामायण-महाभारत त्यांनी आश्रय देणाऱ्या भूमीच्या भाषेत सांगितले. घरात मात्र आपली बोली पिढ्यान्‌पिढ्या बोलत राहिली. परक्या मुलखात दोन भाषा कशा नांदवाव्यात, याचा हा जुना वस्तुपाठ आहे. या बालवाडीचा प्रयत्न त्याच वाटेवरचा आहे.

बालशिक्षणात ही जाण आणणाऱ्यांत गुजराती आणि मराठी यांचा हात एकमेकांत गुंफलेला आहे. गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर उभारले, ते १९२० साली. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील शिक्षक दंगेखोर वर्गाला वश करतो ते छडीने नव्हे. तो गोष्ट सांगायला बसतो. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) भावनगरला जाऊन गिजुभाईंच्या कार्यात सहभागी झाल्या, आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले. त्यांच्यासोबत अनुताई वाघ (१९१०–१९९२) होत्या. माँटेसरी पद्धतीची मूळ साधने महाग. ती खेड्यात आणणार कोठून? म्हणून तेथे बिया, शिंपले, खडे, पाने, बांबू आणि माती यांतून साधने उभी राहिली. गरिबीमुळे काढलेली ही तडजोड होती असे वरवर वाटते. प्रत्यक्षात तिच्यामुळे शिक्षणाचे साधन मुलाच्या ओळखीचे झाले, ते मोडले तर पुन्हा करता येऊ लागले आणि ते करताना मुलाचा हातही त्याला लागला.

त्याच विचाराने या बालवाडीतील पहिली गोष्ट निवडली जाते. ती असते उंदराच्या टोपीची. उंदराला चिंधी सापडते. तो ती परटाकडून धुऊन घेतो, रंगाऱ्याकडून रंगवून घेतो, शिंप्याकडून तिची टोपी शिवून घेतो आणि शेवटी राजाची फजिती करतो. पहिल्यासाठी हीच गोष्ट घेण्यामागे कारण आहे. गुजरातीत उंदराला ‘उंदर’ म्हणतात. ‘टोपी’ आणि ‘राजा’ हे शब्द दोन्ही भाषांत तेच. घरी गुजराती बोलणाऱ्या मुलाला गोष्टीचे तीन खांब आधीच ओळखीचे असतात. ‘दरजी’चा ‘शिंपी’ आणि ‘धोबी’चा ‘परीट’ एवढेच नवे. ओळखीच्या तीन शब्दांच्या आधाराने मूल अनोळखी वाक्यात पाऊल टाकते.

गोष्टीच्या पोटात व्याकरणही आहे. मराठीत नाम प्रत्ययापूर्वी रूप बदलते. परीट, पण परटाकडे; रंगारी, पण रंगाऱ्याकडे; शिंपी, पण शिंप्याकडे. गुजरातीत ‘दरजी पासे’ म्हणताना ‘दरजी’ तसाच राहतो. त्यामुळे येथली मुले सहजपणे ‘शिंपीकडे’ म्हणतात. सामान्यरूपाचा हा पाठ वरच्या वर्गात नियम म्हणून शिकवला की मुले जांभया देतात. उंदीर मात्र एकाच गोष्टीत तीन दारांशी जातो, प्रत्येक दारी तीच विनवणी करतो, नकार ऐकतो आणि तोच धाक घालतो. आठवडाभर गोष्ट खेळली गेली की ‘शिंप्याकडे’ हे रूप मुलाच्या जिभेवर बसलेले असते आणि नियमाचे नावही कोणी काढलेले नसते.

या गोष्टीचे साधन करायला एक संध्याकाळ पुरते. करड्या रंगाचा जुना मोजा धुऊन घ्यावा. बोटांकडील भाग आत दाबला की तोंड होते. तेथे लाल कापडाचा अंडाकृती तुकडा शिवावा. गोधडीच्या उरलेल्या कापडाचे दोन गोल कान, परकराच्या जुन्या नाड्याची शेपटी. डोळे काळ्या दोऱ्याने भरावेत. बटणे लावू नयेत, कारण बटण तुटते आणि लहान मुलाच्या तोंडात जाते. मग चार चिंध्या घ्याव्यात : एक मळकी, एक पांढरी, एक लाल आणि एक टोपीच्या आकारात शिवलेली, गोंडा लावलेली. चिंधीची ही चार रूपे म्हणजेच गोष्टीचा क्रम. ती जमिनीवर ओळीने मांडणारे मूल कथानक मांडत असते; पुढे निबंधात परिच्छेदांचा क्रम लावताना त्याला हीच सवय उपयोगी पडते.

इतर साधनांची रीतही अशीच घरगुती आहे. जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा जाड आणि टिकाऊ असतो. त्यातून प्राणी कापून मागे आइस्क्रीमची काडी चिकटवली की काठीबाहुली तयार होते. चिकटवायला मैद्याची खळ पुरते. ती शिजवताना चिमूटभर तुरटी घातली तर लवकर आंबत नाही. पूर्वी खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालीत. तो विषारी असल्याने मुलांच्या वस्तूंत वापरू नये. भोपळ्यासाठी वर्तमानपत्राचे तुकडे रात्रभर भिजवून कुटावेत, त्यात भिजवून वाटलेली मेथी मिसळावी आणि फुगवलेल्या फुग्यावर तो लगदा थापावा. जुन्या घरांत याच लगद्याच्या टोपल्या होत असत. पुठ्ठ्यावर फ्लॅनेलचे कापड ताणून लावले आणि चित्रांच्या पाठीला काचकागदाचा तुकडा डकवला, की चित्रे फलकावर टाचणीशिवाय चिकटून राहतात. लाल-काळ्या गुंजा दिसायला सुंदर, परंतु विषारी. डोळ्यांसाठी त्या कधीही वापरू नयेत. मुठीत नाहीशी होईल इतकी बारीक वस्तू तीन वर्षांखालील भावंड असलेल्या घरी पाठवू नये.

साधन करताना पालकांकडून आणि नव्या शिक्षिकांकडून एक गोष्ट हटकून होते. ते फार पूर्ण केले जाते. उंदराला कायमचे हसू शिवले जाते, वाघाला कायमचा राग रंगवला जातो. हसणारा उंदीर राजाने टोपी हिसकावल्यावर रडणार कसा? म्हणून चेहरा कोरा ठेवावा. दोन डोळे आणि तोंडाची फट पुरे. रडणे, हसणे आणि घाबरणे मुलाच्या आवाजातून आले पाहिजे. बाजारात मिळणारा बॅटरीचा वाघ कळ दाबली की डरकाळी फोडतो. त्याची डरकाळी खरी असते, हे मान्य. पण ती वाघानेच फोडली, म्हणून मुलाला फोडावी लागत नाही. जे साधन स्वतः बोलते, त्याच्यापुढे मूल श्रोता होते. जे मुके असते, त्याच्यासाठी मुलाला बोलावेच लागते. मराठी टिकवण्याचा येथला सारा विचार या एका फरकावर उभा आहे. भाषा ऐकण्याने समजू लागते, परंतु ती आपली होते ती सांगण्याने.

काही वर्षांपूर्वी बालवाडीत चार वर्षांचा एक मुलगा होता. आईची भाषा गुजराती, वडील मराठी पण दिवसभर कामावर. जूनपासून दिवाळीपर्यंत तो मराठीत एक वाक्य बोलला नाही. त्याला सर्व कळे. सांगितलेली वस्तू तो आणून देई, गोष्टीत योग्य जागी हसे. उत्तर मात्र मानेने किंवा गुजरातीत. वडील अस्वस्थ होते आणि माध्यम बदलण्याचा विचार घरात सुरू झाला होता. ताईंनी त्याच्यावर बोलण्याची सक्ती केली नाही. गोष्ट झाली की साधने कोपऱ्यातल्या टोपलीत ठेवायची आणि ज्याला हवी त्याने घ्यायची, हा नियम होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर एके दिवशी त्याने उंदीर उचलला, वर्गाकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून उंदराला बोलते केले : “शिंपीदादा, मला टोपी दे ना शिवून.” आवाज उंदराचा होता. चूक झाली असती तर तीही उंदराचीच झाली असती.

त्यानंतर काही आठवडे तो मोजा हातात असला तरच मराठी बोले. एका सोमवारी उंदीर धुवायला गेला होता. मुलगा टोपलीजवळ थोडा वेळ उभा राहिला, मग त्याने नुसती मूठ पुढे केली आणि मुठीनेच बोलू लागला. पुढे मूठही उरली नाही. घोड्यासाठी काठी लागते, पण अर्थ पक्का झाला की काठी टाकून देता येते, हे मानसशास्त्राने सांगितलेले सूत्र येथे डोळ्यांपुढे घडत होते. तो मुलगा याच शाळेत राहिला आणि येथूनच पुढे गेला.

या प्रसंगातून वापराचे नियम स्पष्ट होतात. गोष्ट प्रथम नुसत्या आवाजाने सांगावी. साधन न दाखवता. मुलाच्या मनात त्याचा स्वतःचा उंदीर आधी तयार होऊ द्यावा. दुसऱ्या दिवशी साधने एप्रनच्या खिशांतून एकेक करून बाहेर यावीत. सगळी एकदम मांडली तर गोष्ट संपण्यापूर्वीच संपते. तिसऱ्या दिवसापासून साधने मुलांच्या हाती द्यावीत आणि मोठ्यांनी मागे सरावे. मूल गोष्ट बदलेल. उंदीर राजाला टोपी देऊनही टाकेल, देऊ द्यावी. मूल ‘शिंपीकडे’ म्हणाले, तर ‘चूक’ हा शब्द उच्चारू नये. ताईंच्या हातातील दुसऱ्या बाहुलीने विचारावे, “शिंप्याकडे निघालास का रे?” योग्य रूप ऐकू येते आणि खेळ मोडत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे : साधन उंच कपाटात, काचेआड ठेवू नये. शोभेसाठी जपलेली बाहुली कोणाचीही भाषा घडवीत नाही. फाटणे हा तिच्या कामाचा पुरावा आहे.

दोन भाषांच्या सीमेवर कधी कधी मौजही घडते. चिऊ-काऊच्या गोष्टीत मेणाचे घर आले, पाऊस आला आणि ताईंनी चिमणी पुढे केली, की एखादे मूल आनंदाने ओरडते, “चकली!” गुजरातीत चिमणीला ‘चकली’ म्हणतात. मराठी घरातील मुलांना मात्र दिवाळीची चकली आठवते आणि वर्गात हशा पिकतो. हसण्याचा तो क्षण ओरडलेल्या मुलाच्या लाजेत संपू नये म्हणून बालवाडीच्या टोपलीत कापडी चिमणीशेजारी मातीची एक काटेरी चकलीही ठेवलेली असते. दोन्ही हातांत धरून दोन्ही भाषांतील नावे घेतली जातात. चूक म्हणून हसण्यासारखे काही उरत नाही. एका शब्दाची दोन घरे आहेत, एवढे कळते. मग तीच चिमणी शेजारच्या गुजराती गोष्टीतही जाते. चकी तांदळाचा दाणा आणते, चको मुगाचा दाणा आणतो आणि दोघे खिचडी रांधतात. ती गोष्ट गुजराती आई वर्गात येऊन सांगते आणि मुले दुसऱ्या दिवशी मराठीत खेळतात. आईच्या भाषेचा मान राखला गेला की मूल शाळेच्या भाषेला परके मानीत नाही.

या विचाराला आता शासकीय मान्यताही लाभली आहे. २०२२ मध्ये पायाभूत स्तरासाठी राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. तीन ते आठ वर्षांच्या मुलांचे शिक्षण खेळातून आणि गोष्टींतून व्हावे, असे तो सांगतो. त्याला अनुसरून फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ हा खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रपत्रे आणि गोष्टींची पुस्तके असलेला संच सादर झाला. असा संच शाळेत येणे स्वागतार्हच आहे. परंतु देशभरासाठी केलेल्या पेटीत या गल्लीतला परीट, या घरातल्या आजीचे लुगडे आणि या वर्गातली चकली असू शकत नाही. ती भर हातानेच घालावी लागते.

यावर पालकांची अडचणही ऐकून घेतली पाहिजे. आई-वडील दोघेही नोकरीला, घरी यायला साडेसात वाजतात. मूल मोबाइलवर मराठी गोष्टी पाहते. तेवढे पुरे नाही का? पडद्यावरील गोष्टींनी शब्दसंपत्ती वाढते, यात शंका नाही. पण पडदा मुलाचे ऐकत नाही. मूल मध्येच थांबले तर तो थांबत नाही, मुलाने उंदराला पंख लावले तर तो मान्य करीत नाही. दिवसाकाठी दहा मिनिटे पुरेशी आहेत, मात्र ती मुलाने बोलण्याची असावीत. पोळ्या लाटता लाटता आईने ऐकले तरी चालेल. ज्यांना स्वतःला मराठी येत नाही अशा पालकांनी तर मुद्दाम श्रोता व्हावे. अडाणी राजाला समजावून सांगताना उंदराला अधिक बोलावे लागते.

याच हेतूने जूनपासून बालवाडीत ‘गोष्टीची पिशवी’ सुरू होत आहे. दर शुक्रवारी प्रत्येक मुलाबरोबर एक कापडी पिशवी घरी जाईल आणि सोमवारी परत येईल. पिशवीत एका गोष्टीची साधने असतील. छापील गोष्ट मात्र नसेल. गोष्ट मूल सांगेल. घरच्यांनी ती ऐकावी, चुका न काढता ऐकावी, आणि एक वस्तू घरून भर घालून पिशवी परत पाठवावी. ती वस्तू नवी विकत घेतलेली नसावी : जुन्या साडीचा काठ, रिकामी काडेपेटी, सुकलेला दुधी भोपळा, बांगडीचा डबा, काहीही. गावाकडे आजी-आजोबा असतील तर त्यांच्या तोंडची एखादी गोष्ट फोनवर ध्वनिमुद्रित करून पाठवावी. त्या गोष्टीची साधने वर्गात तयार होतील.

माजी विद्यार्थ्यांनी विचारले आहे की शाळेला काय द्यावे. निधीची गरज प्रत्येक शाळेला असते आणि तिची याचना योग्य जागी होईलच. बालवाडीला मात्र काही वेगळे हवे आहे. महिन्यातून एका शनिवारी दोन तास, हातात सुई-कातर आणि आठवणीतली एक गोष्ट. ज्यांचे मराठी या शाळेत घडले, त्यांनी ते या रूपाने परत करावे. साधन बेढब झाले तरी हरकत नाही. चार वर्षांच्या मुलाला बेढब उंदराची अडचण वाटत नाही. ते साधन तोडायला, धुवायला, पुन्हा शिवायला आणि घरी न्यायला मोकळे असेल, एवढीच अट आहे.

पहिला शनिवार याच महिन्यातील शेवटचा आहे. वेळ सकाळी दहाची. जागा, बालवाडीचा व्हरांडा. येताना एक जुना मोजा आणावा.